बोटीला सेनापती पाहिजे

१२ मे, मंगळवार

पतसंस्थेनं फुकट वाटलेली ही दैनंदिनी जानेवारीपासून कोरी पडली होती. आज उघडली, कारण गावात बोट आली.

नारिंगी रबराची, हवा भरायची. सोबत चार वल्ही, सहा जॅकेटं आणि एक पिशवी, जिच्यात काय आहे ते कुणालाच कळलं नाही. गेल्या सप्टेंबरात बुडालेल्या गावांना वाटल्या, त्यातली ही एक. टेम्पोतून उतरवताना पोरांपेक्षा म्हाताऱ्यांची गर्दी जास्त. साहजिक आहे. तेरच्या खाली तेरणेकाठी आमचं गाव, पण काठ नावालाच. नदीत पाणी आहे का, हे पाहायला माणसं पुलावर जायची. पूल दिसतो का, हे पाहायला जायची पाळी गेल्या वर्षीच आली.

पुलापल्याड आमची जुनी वस्ती, चाळीसेक घरं. तिथं माझी आत्या राहते, धुरपदाबाई. दोन्ही मूत्रपिंडं कामातून गेली आहेत. मंगळवारी आणि शुक्रवारी धाराशिवला डायलिसिसच्या मशीनवर पडावं लागतं. "देवीचे वार हायत, चुकवू नये," असं त्या स्वतःच म्हणतात. गेल्या वर्षी पूल पाण्याखाली गेला आणि दोन वार चुकले. तिसऱ्या वारी ट्रॅक्टरवर घालून त्यांना अलीकडं आणलं तेव्हा त्यांचा चेहरा मला ओळखू आला नाही. असो.

संध्याकाळी गजराबाई सरपंच घरी आल्या. चहा घेतला, बशी खाली ठेवली आणि म्हणाल्या, "पंडित, बोटीला एक मुख्य माणूस नेमायचाय. तालुक्याच्या कागदात 'बोट प्रमुख' लिवलंय. आसलं मिळमिळीत नाव घेऊन कोण पाण्यात उतरंल? चांगला भारदस्त शब्द द्या."

मठाच्या पाठशाळेत बारा वर्षं घोकलेलं संस्कृत आजवर लग्नपत्रिका तपासण्यापलीकडं गावाच्या कामी आलं नव्हतं. शिवाय आमच्या दैनिकाच्या संपादकांनी नुकतीच माझ्या गळ्यात 'सेनापतींचे शब्द' अशी साप्ताहिक लेखमाला मारली आहे. एका शब्दात दोन्हीकडची सोय होत होती. मी हो म्हणालो.

१५ मे, शुक्रवार

उद्या अमावास्या आणि रविवारपासून अधिक महिना. महिनाभर नव्या कामाला हात लावता येणार नाही, म्हणून बोटीची पूजा आजच उरकली. खंडोबाच्या पालखीचे हरिबा नारळ, भंडारा आणि हार घेऊन आले. बोटीला दृष्ट लागू नये म्हणून लिंबू-मिरचीही आणली होती. ती बांधायला जागा दिसेना. हरिबांनी पोती शिवायचा दाभण काढला आणि बोटीच्या नाकातून दोरा आरपार ओवला. हात सराईत होता.

मी वार्ताहर या नात्यानं फोटो काढत होतो. पहिल्या फोटोत मंडळी बोटीत ताठ बसलेली आहेत. दुसऱ्यात थोडी कललेली. तिसऱ्यात हवालदार रणधीर यांचे गुडघे त्यांच्या कानांना लागले आहेत आणि गजराबाई अजूनही कॅमेऱ्याकडं बघून हसताहेत.

"कसला आवाज येतोय हो?" रणधीरनं विचारलं.

"नाग हाय," हरिबा म्हणाले आणि सगळे उठले.

बातमीत मी पहिला फोटो वापरला. बोटीला दृष्ट लागली नाही, हे मात्र खरं. लागायला बोटच उरली नव्हती.

२० मे

पिशवीत काय आहे ते कळलं. रबराचे तुकडे आणि चिकटवायचा डिंक. प्रसेनजितनं उघडली. त्यानं नाकाला ठिगळ लावलं, साबणाचं पाणी टाकून बुडबुडे पाहिले आणि हरिबांना म्हणाला, "काका, आता पुढच्या पूजेला फक्त हात जोडायचे."

प्रसेनजित पंधरा वर्षं नौदलात होता. गेल्या दिवाळीला निवृत्त होऊन आला. म्हणजे प्रश्न मिटायला हवा होता. मी त्याला तसं म्हणालो.

"पंडित, म्या जहाजावर होतो ही गोष्ट खरी," तो म्हणाला. "पण खालच्या मजल्यावर. तीनशे मान्सांची डाळ शिजवायला. कप्तानसाहेबाला लांबून सलाम ठोकला तेवढीच वळख."

रणधीरला हे कळलं आणि त्याची छाती दोन इंच वाढली. रणधीर भूदलातून हवालदार म्हणून निवृत्त झाला, पण गावात त्याला सगळे 'मेजर' म्हणतात. आमच्याकडं फौजेतून जो कुणी परत येतो तो मेजरच असतो, ही बढती गाव देतं. त्याचं म्हणणं, हुकूम देणं हे फौजी माणसाचं काम. वस्तीतल्या लोकांचं म्हणणं, जो पाण्यावर राहिला तो प्रमुख. दोघांच्याही मागं माणसं उभी राहिली. वल्ह्यांमागं कुणीच उभं राहिलं नाही.

माझे शब्द मी चावडीवर ठेवले. 'सेनापती' म्हटलं तर रणधीर खूश आणि वस्ती नाराज. 'नाखुदा' म्हटलं, म्हणजे नावेचा धनी, फारसीतून आलेला, तर गजराबाईंना तो नाक खुपसण्याचा प्रकार वाटला. 'कर्णधार', म्हणजे सुकाणू धरणारा, याला कुणाची हरकत नव्हती. पण हरिबांनी विचारलं, बॅट कोण आणणार. क्रिकेटवाल्यांनी एक चांगला शब्द पळवला आहे.

शेवटी ठरलं की अधिक महिन्यात नेमणूक करू नये. जूनच्या मध्यापर्यंत सगळं तहकूब. बोट ग्रामपंचायतीच्या खोलीत कुलपात.

२९ मे, शुक्रवार

आत्यांसोबत धाराशिवला गेलो. मशीन चार तास चालतं. बाजूच्या स्टुलावर बसून मी लेखमालेचा दुसरा भाग लिहिला, 'जमादार' या शब्दावर. केवढा शब्द! एकेकाळी याच्या मागं घोडी आणि भाले चालायचे. पुढं शहरांनी तो झाडूवाल्याला दिला. दोन्ही वेळा काम त्यानंच केलं आणि रुबाब दुसऱ्यानं.

आत्यांचा डोळा लागलाय असं वाटत होतं. नव्हता.

"काय लिवतोस रं व्यंकू?"

"सरदारांची नावं."

"किती झाली?"

"सेनापती, चमूपती, सरनोबत, सरलष्कर, रिसालदार, सुभेदार. पाण्यावरचे निराळे. सरखेल, सारंग, तांडेल."

"इतके जण हायत आन् बोटीला एक मिळंना व्हय."

मी पुन्हा विचारलं, पावसाळाभर आमच्याकडं राहता का. माझ्या बायकोनं, शिवकांतानंच, विचारायला सांगितलं होतं. खोली झाडून ठेवली आहे.

"तुझ्या घरात पयला म्हैना म्या पाव्हणी," आत्या म्हणाल्या, "दुसऱ्या म्हैन्यात पेशंट. माझ्या घरात म्या घरमालकीण हाय. म्हशीला कोण बघंल? तू? तिला संस्कृत येत न्हाय."

डॉक्टरीणबाई म्हणाल्या, एखादा वार चुकला तर निभेल असं आता धरू नका. मी मान डोलावली आणि त्यांना 'वैद्य' शब्दाची व्युत्पत्ती सांगितली. असो.

९ जून, मंगळवार

वळवाच्या पावसानं पुलाच्या कडेला पाणी लागलंय. पूल उघडा आहे. आत्या वेळेवर गेल्या, आल्या.

रात्रीच्या जेवणाला शिवकांता म्हणाली, "अहो, तुम्ही फार शब्द शोधायला लागलात म्हणजे कशाला तरी भिताय."

लेखाची मुदत शनिवारची आहे, म्हटलं. तिनं ताटात भाकरी वाढली. पटलं असावं.

१८ जून, गुरुवार

अधिक महिना संपला. नेमणूक काही झाली नाही, पण गजराबाईंनी कुलूप काढलं. "नाव मागनं ठिवा, आधी तरंगतीय का बघा." सरपंच म्हणून ही बाई वाया जातेय.

बंधाऱ्याच्या वरच्या अंगाला पाणी पसरतं आणि ओढ कमी असते. ती जागा प्रसेनजितनं निवडली. बोटीला दोन लांब दोर. एक या काठावरच्या माणसांच्या हातात, एक त्या काठावरच्या. वल्ह्यांवर रणधीर, प्रसेनजित, हरिबा आणि स्वतः गजराबाई, पदर खोचून.

मी काठावर. पाण्यात मी उतरत नाही. लहानपणी विहिरीत पडलो होतो. त्या वेळी आत्यांनी शेंदून वर काढलं म्हणतात. मला आठवत नाही आणि आठवायचंही नाही.

रणधीर हिंदीत हुकूम देऊ लागला. "दाहिने! जोर से!" प्रसेनजितनं त्याच वेळी डावीकडच्यांना थांबायला सांगितलं. हरिबा दोघांचंही ऐकत होते, म्हणून एकदा पुढं आणि एकदा मागं वल्हं मारत होते. गजराबाई कुणाचंच ऐकत नव्हत्या. बोट नदीच्या मधोमध जागच्या जागी फिरू लागली. एक फेरी, दुसरी फेरी. काठावर कुणीतरी विचारलं, "ह्यो काय पाळणा हाय का?"

पल्याडच्या काठावर आत्या घोंगडीवर बसून बघत होत्या. त्या हसल्या नाहीत.

परत आल्यावर रणधीर म्हणाला, "एक बोट, एक हुकूम. दोन आवाजांनी कुटंच जाता येत न्हाय."

"मग तुमचा बंद करा की, मेजर," प्रसेनजित म्हणाला.

"तीनशे मान्सांची डाळ शिजवणाऱ्यानं शिकवावं का आता?"

"डाळीत कुणी बुडत न्हाय, मेजर. म्हणून म्हन्लं."

दोघं दोन वाटांनी घरी गेले. मी वहीत 'सरनोबत' शब्दाच्या टिपा काढत बसलो. आभाळ भरलंय. मुदत कुणी पाळत नसेल तर ते आभाळ.

२४ जून, बुधवार

हरिबा सकाळीच आले. दाभणाच्या प्रकरणापासून ते माझ्याशी नजर टाळून बोलतात.

"पंडित, इचारू का? आपल्या खंडोबाच्या पालखीला मुख्य कोण आसतो?"

"पाटील. मानकरी आहेत ते."

"त्यांचा मान. पर भोई त्यांचं ऐकत्यात का?"

मी विचार केला. ऐकत नाहीत. आमची पालखी देवळाच्या उतारावरून खाली येते, दगडी पायऱ्या, खाली ओढा. चार भोई खांदा देतात. आणि एक माणूस पालखीच्या पुढं, भोयांकडं तोंड करून, उलटा चालत असतो. त्याच्या खांद्यावर काही नसतं. त्यानं 'उचला' म्हटलं की पावलं उचलायची, 'टेका' म्हटलं की टेकायची. पाटलांनासुद्धा मध्ये बोलायची मुभा नाही.

"जो वझं वाहतो त्यानं बोलायचं न्हाय," हरिबा म्हणाले. "त्याला खांद्यापुरतंच दिसतं. ज्याच्या अंगावर वझं न्हाय त्यानं बोलायचं. आन् बोटीत चौघांच्या हातात वल्हं हाय. मग बोलायला पायजे कोण?"

बोटीत वल्हं हातात नसलेलं माणूस एकच असणार होतं. ज्याच्यासाठी बोट जाणार होती ते.

आणि चाळीस वर्षं आमच्या पालखीपुढं उलटे चालले ते माझे मामा, आत्यांचे मालक. ते गेल्यापासून ती हाळी बरोबर जमली नाही कुणाला. आत्या दरवर्षी पायरीशी उभ्या राहून तोंडातल्या तोंडात म्हणतात. मी इतकी वर्षं समजत होतो, नामस्मरण चाललंय.

आम्ही दोघं लगेच पूल ओलांडून गेलो. आत्या म्हशीला पेंड घालत होत्या. ऐकून घेतलं.

"म्हंजे सरदार म्या," त्या म्हणाल्या.

"तसंच काहीसं."

"पगार?"

"नाही."

"मग खरा सरदार हाय म्हणायचं," आणि पेंडीची बादली माझ्या हातात दिली.

५ जुलै, रविवार

गेले पाच-सहा दिवस सराव. आत्या बोटीच्या पुढच्या टोकाला, वल्हेकऱ्यांकडं तोंड करून बसतात. जॅकेटावरून पदर घेतलेला. "उचला... टेका." पहिल्या दिवशी रणधीर मध्येच "दाहिने" म्हणाला. आत्यांनी हाळी थांबवली, बोट थांबली. त्या त्याच्याकडं नुसत्या बघत राहिल्या. त्यानंतर मेजर बोलले नाहीत. घरी त्यांच्या बायकोनंच विचारलं म्हणे, घसा बसलाय का.

बोट आता सरळ जाते. प्रसेनजितनं रणधीरला वल्हं पालथं कसं धरायचं ते दाखवलं. रणधीरनं त्याला दोराची एक फौजी गाठ शिकवली. दोघं एकमेकांना अजून 'अहो' म्हणतात, पण चहा एका ठिकाणी घेतात.

संपादकांचा फोन आला. शेवटचा भाग कधी? सर्वांत समर्पक शब्द कोणता निघाला? म्हटलं, शोधतोय.

२१ जुलै, मंगळवार

रात्रभर पाऊस. वरून धरणाचं पाणी सोडलं. पहाटे पाहिलं तर पूल नव्हता. कठड्याचे लोखंडी पाईप तेवढे पाण्याच्या वर, त्यात अडकलेली एक बाभळीची फांदी.

मंगळवार.

बंधाऱ्यापाशी पोचलो तर रणधीर, प्रसेनजित आणि हरिबा आधीच हवा भरत होते. गजराबाई नव्हत्या. काल तालुक्याला बैठकीला गेल्या आणि तिकडंच अडकल्या. चौथं वल्हं जमिनीवर पडलं होतं. तिघांनी त्याच्याकडं पाहिलं, मग माझ्याकडं.

"दुसरं कुणी..." मी म्हणालो.

"दोरावर धा जण लागत्यात," रणधीर म्हणाला. "सराव तुमीच रोज बघितलाय. हाळी तुमाला पाठ हाय."

ते खरं होतं. काठावर उभं राहून रोज माझे हात आपोआप हलायचे, हे शिवकांतानं एकदा चेष्टेत सांगितलंही होतं. मी 'निर्यामक' या शब्दाबद्दल काहीतरी बोलू लागलो. नाव हाकणाऱ्यासाठी संस्कृतात फार जुना शब्द आहे. प्रसेनजितनं माझ्या गळ्यात जॅकेट अडकवलं आणि पट्टा ओढला. वाक्य तिथंच राहिलं.

पाण्याचा रंग चहासारखा होता. बाकीचं वर्णन मला करता येणार नाही, कारण मी वल्ह्याकडं बघत होतो.

जाताना बोटीत आत्या नव्हत्या, म्हणून आम्ही वाकडे गेलो. अर्ध्यावर बोट तिरकी होऊ लागली, दोर ताणला, हरिबांनी खंडोबाचं नाव घेतलं. तेवढ्यात पल्याडून आवाज आला. "उचला!" आत्या काठावर कमरेवर हात ठेवून उभ्या. "टेका! व्यंकू, वल्हं हाय ते, पळी न्हाय! उचला!"

त्या आवाजाला धरून आम्ही काठाला लागलो.

आत्या बसल्या. पिशवीत टॉवेल, फाईल आणि डब्यात दोन भाकरी. परतीला एकदाही बोट वाकडी झाली नाही. त्या माझ्यासमोरच होत्या. विहिरीच्या काठावरून दोर सोडताना असाच चेहरा असेल, असं मनात आलं. मी ते मनातून काढलं नाही. अलीकडं जीप उभी होती. नऊच्या आत आत्या मशीनवर होत्या.

संध्याकाळी परत न्यायचं होतं. पाणी थोडं उतरलं होतं, पूल अजून खालीच. मशीननंतर आत्या पिळून काढल्यासारख्या होतात. जीपमधून उतरवलं तेव्हा पाय लटपटत होते. म्हटलं, आज आमच्याकडं राहा.

"म्हशीची धार राहिलीय," त्या म्हणाल्या आणि बोटीत बसल्या.

हाळी दिली, पण आवाज फुटेना. ओठ हलले तेवढे. आता रणधीरनं हुकूम घ्यावा असं मला वाटलं. त्यानं तोंड उघडलं नाही. तो पुढं वाकला, कान त्यांच्याकडं करून. मग प्रसेनजित वाकला, हरिबा वाकले. वल्हं पाण्यात आपटलं तर ऐकू येणार नाही, म्हणून आम्ही ती हळूच टेकवू लागलो. दोरावरची माणसंसुद्धा गप्प झाली. एवढी मोठी नदी वाहत होती आणि तिच्यात म्हातारीच्या पुटपुटण्यावर चार माणसं एका वेळी हात उचलत होती.

काठाला लागलो. वस्तीतल्या बायकांनी आत्यांना हात दिला. त्या वळल्या आणि चौघांकडं पाहिलं.

"शुक्रवारी येळेवर या," त्या म्हणाल्या.

घरी आल्यावर शिवकांतानं माझ्या तळहातांवर तेल लावलं. फोड आलेत. नुसती हसत होती. मग संपादकांना फोन केला. म्हटलं, या शब्दांत एक गंमत आहे. कर्णधार, निर्यामक, सेनानी, सगळ्यांचा जन्म कामातून झालाय. कुणी सुकाणू धरायचं, कुणी पुढं न्यायचं. फेटा नंतर आला. तर शेवटचा भाग असा शब्द नसलेल्या एका बाईवर लिहू का?

ते म्हणाले, वाचकांना शब्द लागतो हो.

म्हटलं, मग 'आत्या' लिहा.

२४ जुलै, शुक्रवार

गेलो. आलो. लिहिण्यासारखं काही घडलं नाही.